बुटाखालची किंमत
गेल्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आडगावच्या पुढे एका कुत्राविक्रेत्याच्या अंगणात मी एका पायावर उभा होतो, माझा दुसरा पाय निफाडच्या एका अनोळखी द्राक्षबागायतदाराच्या हातात होता आणि जाळीमागची सहा पिल्ले हा सोहळा माना तिरक्या करून पाहत होती. त्याला आज चार दिवस झाले, तरी माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

तिथवर कसा पोहोचलो, ते थोडक्यात सांगतो. शेहेचाळिसाव्या वर्षी मला आपण मोकळ्या हवेतले, डोंगरदऱ्यांतले गृहस्थ आहोत असा साक्षात्कार झाला. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर अशी यादी भिंतीवर लागली आणि या भटकंतीला शोभेल असा कुत्रा हवा, म्हणून महिनाभर मी जातींचा अभ्यास केला. अभ्यासातून एवढेच कळले की ही सगळी मंडळी मुळात पोटापाण्याला लागलेली आहेत. बॉर्डर कोली ही इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरची मेंढ्या वळणारी जात. काम मिळाले नाही तर ती घरातली मुले वळायला घेते. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांना गार पाण्यातून जाळी ओढायला मदत करत, पण आमच्या कॉलनीतला त्यांचा वंशज जेवणाच्या टेबलाखालून फक्त पोळीचा तुकडा ओढतो. बीगलला सशाचा माग काढायला घडवले आहे, म्हणून तो नाक जमिनीला लावून चालतो आणि मालकाला स्वतःचा रस्ता निवडू देत नाही. माझे मन मात्र हस्कीवर बसले होते. निळे डोळे, लांडग्यासारखा चेहरा आणि त्याच्या शेजारी, अंजनेरीच्या पठारावर वाऱ्याकडे तोंड करून उभा असलेला मी.

विक्रेत्याला हे चित्र फार आवडले. सायबेरियात बर्फावर गाड्या ओढणारा, अंगावर केसांचे दोन थर बाळगणारा प्राणी नाशिकच्या चाळीस अंशांत कसा राहील, अशी शंका मी भीत भीत काढताच तो म्हणाला, "साहेब, आपल्या निफाडचा पारा पाचच्या खाली जातो. पेपरात वाचत नाही का?"

नेमका याच वाक्याला कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून आवाज आला. "निफाडची थंडी सांगू नको रे." कुत्र्याच्या खाद्याची गोणी न्यायला आलेले साठीचे एक काका पांढरी टोपी सारखी करत उठले. "आमची थंडी पंधरा दिवसांची. द्राक्षाचे मणी तडकवती आन जाती. बागेत शेकोट्या पेटवू पेटवू आम्ही रात्री काढतो. पण वैशाखात ह्याला कुठं ठिवायचं? कोल्ड स्टोरेजला, माझ्या पेट्यांशेजारी?"

कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, हे मला ठाऊक होते. महिनाभर वाचलेले हेच ज्ञान काकांनी जीभ बाहेर काढून, धापा टाकून, दोन सेकंदांत करून दाखवले. विक्रेता पिल्लांना पाणी पाजण्याच्या निमित्ताने आत सटकला आणि काकांची नजर माझ्यावर स्थिरावली.

बैलबाजारात जाणकार माणूस जनावराकडे पाहतो ती नजर मी लहानपणी आजोळी पाहिली होती. ती आपल्यावर कधी पडेल असे मात्र वाटले नव्हते. काकांनी मला एक फेरी मारली. पोटऱ्या पाहिल्या, पोट पाहिले, पोटाकडे जरा जास्त वेळ पाहिले.

"रोज किती चालता, भाऊ?"

"रोज असे नाही, काका. रविवारी जातो."

"ह्या रविवारी?"

"या रविवारी इकडे आलो ना."

"मागच्या?"

मागच्या रविवारी पांडवलेण्याला निघालो होतो, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. पायथ्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली आणि ऊन वाढले, हेही सांगितले. ते सांगण्याची काहीच गरज नव्हती, पण त्या नजरेपुढे माणूस खरे बोलतो.

"बूट चांगले हायेत," काका म्हणाले. "पाय उचला."

मी का उचलला, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी घोटा धरला, बूट उलटा केला, खिशातून चष्मा काढला आणि तळव्याच्या खोलगट भागावर अंगठा फिरवत मोठ्याने वाचले, "पाच हजार चारशे नव्याण्णव. सगळ्या करांसहित." दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या बुटांचे ते लेबल कोपरासुद्धा न दुमडता जसेच्या तसे होते. पिल्लांपैकी एक भुंकले.

"ह्या माणसाला कुत्रं परवडंल," काकांनी आतल्या विक्रेत्याला ओरडून सांगितले, "पण कुत्र्याला हा माणूस परवडायचा नाही!"

आता काकांचे म्हणणे खरे होते, हे मान्य करूनही मला विचारायचे आहे की या शहरात कुत्रा घेऊन माणसाने चालावे तरी कुठे? माझ्या घराजवळच्या जॉगिंग ट्रॅकच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई केल्याची पाटी आहे, पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात आणि उन्हाळ्यात नऊच्या पुढे डांबरावर आपला तळहात टेकवत नाही, तिथे कुत्र्याने अनवाणी पंजे टेकवावेत अशी अपेक्षा असते. सोसायटीच्या लिफ्टचा वाद वेगळाच. हे कोणी बोलत नाही, बूट मात्र सगळे उलटे करून पाहतात. आणि तो विक्रेता! त्याने त्या दुपारपर्यंत एक हस्की कुणाच्या तरी गळ्यात मारलाच असेल, आणि तो बिचारा आता कुठल्यातरी फ्लॅटमध्ये एसीच्या खालची फरशी शोधत असेल.

निघताना काकांनी मोबाइलवर आपली कुत्री दाखवली. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, अंगावर मांस म्हणाल तर औषधाला नाही. कारवानी. याच जातीला कर्नाटकात मुधोळ म्हणतात आणि 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले होते, हे मी माझी अब्रू सावरण्यासाठी सांगितले.

"तिकीट आम्हाला म्हाईत नाही. ससा दिसला की ती थांबत नाही, एवढं म्हाईत हाये," काका म्हणाले. "गाभण हाये. पिल्लं दोन महिन्यांची झाली की बोलावतो. पण येताना हेच बूट घालून या. तळ बघूनच देईन."

त्यानंतर मी दोनदा पांडवलेणे चढलो. लेबल अजून ठणठणीत आहे. गच्चीच्या खरबरीत फरशीवर बूट घासून न्यावेत, असे बायकोने सुचवले. मी ती सूचना संतापाने फेटाळली आहे, मात्र कोणती फरशी जास्त खरबरीत आहे, ते काल संध्याकाळी पाहून ठेवले.