मुंगसा मुंगसा, तोंड दाखव

आर्ट कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक मोठं सबमिशन असतं: मुलांसाठी ३२ पानांचं चित्रपुस्तक. गोष्ट आपली, पात्र आपलं, रंग आपले आणि पुस्तक शिवून बांधायचंही आपणच. वर्गातल्या निम्म्या लोकांनी मांजर घेतली. उरलेल्यांनी एकटी मुलगी आणि चंद्र. मी म्हटलं, आपण मुंगूस घेऊ, मुंगूस कोणी घेत नाही. का घेत नाही, हे तेव्हाच कुणाला तरी विचारायला हवं होतं.

कल्पना चिपळूणच्या अंगणातली. दगडांच्या गडग्याजवळ मुंगूस दिसलं की आम्ही पोरं होतो तिथे थांबायचो आणि ओरडायचो, ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!’ मुंगूस दिसणं शुभ, पण तोंड दिसलं तरच ते धरायचं, असा आमचा नियम. मुंगूस रामालाही न जुमानता शेपटी दाखवून गडग्यात शिरायचं. माझ्या गोष्टीतलं मुंगूसही तसंच. सगळं गाव मागे लागतं, ते २९ पानं पाठमोरं हिंडतं आणि ३०-३१ या जोडपानावर एकदाच वळून बघतं. गोष्ट सरांना आवडली. मला तर फारच आवडली, कारण २९ पानं चेहरा काढायचा नव्हता.

‘पाठीवरून ओळखू आलं पाहिजे,’ सर म्हणाले. ‘स्वभाव पाठीत आण.’

मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांना ‘ए’ ग्रेड मिळवलेली मुलगी. स्थिरचित्रात माठ, दोन वांगी आणि मागे सुरकुतलेलं कापड मी डोळे मिटून काढते. पण वांग्याचा स्वभाव आजवर कुणी विचारला नव्हता. घरी पहिली स्केचेस दाखवली. आजी चष्मा लावून म्हणाली, ‘घूस छान काढलीस हो.’ बाबा म्हणाले, ‘पाणमांजर ना?’ भाऊ डायनासोर म्हणाला, पण तो सगळ्यालाच डायनासोर म्हणतो. ओळख पटावी म्हणून शेजारी नाग काढला, तर आजी हळहळली, ‘अगंबाई, खाणार आता तो घुशीला.’

पात्र जमलं का ते तपासायची एक युक्ती आम्हाला शिकवतात. चित्र आतून सगळं काळं भरायचं आणि नुसत्या आकारावरून लोक ओळखतात का बघायचं. मी भरलं. सरांनी कागद सरळ धरला, उलटा धरला आणि म्हणाले, ‘जोडा आहे का?’ मग मी शेपूट लांब केली. साध्या करड्या मुंगसाची शेपूट जवळजवळ अंगाएवढीच लांब असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. लहानपणी आम्ही तोंडाच्या नादात शेपटीकडे नीट पाहिलंच नाही, आणि तिने तर रोज दर्शन दिलं होतं.

लाजून पाठ फिरवणं कसं दिसतं, ते समजायला मी आरशासमोर उभी राहून खांद्यावरून मागे बघत, कंबर किंचित वाकवून फोनवर व्हिडिओ काढत होते. पाचव्या टेकला आई दारात उभी. ‘कोण आहे?’ तिने एवढंच विचारलं. मी म्हटलं, ‘मुंगूस.’ ती काही न बोलता निघून गेली आणि रात्री बाबांशी हळू आवाजात बराच वेळ बोलत होती.

आता रंग. मुंगूस तपकिरी नसतं, राखाडीही नसतं. त्याच्या एकेका केसावर फिके आणि गडद पट्टे आलटून पालटून असतात, त्यामुळे लांबून अंग भोगीच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीसारखं दिसतं. हा रंग कुठल्याच बाटलीत मिळत नाही. मी बर्न्ट सिएना या विटकरी तपकिरीत अल्ट्रामरीन निळा घातला. ते दोघे समोरासमोर आले की एकमेकांना मारतात आणि मध्ये राख उरते, एवढं पुस्तकी ज्ञान होतं. पण राख कुठे संपते आणि चिखल कुठे सुरू होतो, ते पुस्तकात नव्हतं. अकरा नमुने केले. अकराही नमुने जुलैतल्या रस्त्यांचे वाटत होते.

(मुंगसाच्या केसांचे ब्रश पूर्वी चित्रकारांचे फार लाडके होते. आता वन्यजीव कायद्याने ते विकणं गुन्हा आहे. इतकी वर्षं मुंगूस रंगाशी झटलं, आता रंग मुंगसाशी झटतोय, तेही नायलॉनच्या सहा नंबरने.)

शेवटी आईने नमुन्यांचा कागद उचलला, गॅलरीत नेला, उन्हात धरला, सावलीत धरला आणि निकाल दिला, ‘यातला चौथा बरा आहे. पण हिरव्यावर टाकू नको, लालसर मारेल. श्रीखंडीवर टाक.’

मी टाकून बघितला. हिरव्या गवतावर माझं मुंगूस खरोखर विटकरी दिसत होतं. तोच रंग, तीच वाटी. १८३९ साली शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने याच गोष्टीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. भिंतीवर टांगायची विणीव चित्रं बनवणाऱ्या पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा नीट काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर धाग्यात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका वाटत होता. आमच्या सेमिस्टरला यावर दोन लेक्चरं झाली. आईला ते मॅचिंग सेंटरमध्ये फॉल-अस्तर घेता घेता समजलेलं आहे. ब्लाउजपीस आणि साडी दोन्ही घेऊन ती दुकानदाराच्या नाकावर टिच्चून रस्त्यावर जाते, कारण ट्यूबलाइटखाली आमसुली आणि वांगी सारखेच दिसतात. आमच्या चार्टवर बारा रंगांचं चक्र आहे. तिच्या चार्टवर चिंतामणी, मोरपंखी, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी आणि ‘तो बघ, शेजारच्या वहिनींच्या डोहाळजेवणातला’ हाही एक रंग आहे. चार्ट म्हणून मला तिचाच जास्त पटतो.

श्रीखंडी आकाशावर मुंगूस शोभलं. छापताना ते आकाश पिठल्यासारखं झालं. पडद्यावर रंग उजेडाचे असतात आणि कागदावर चार शायांचे, त्यामुळे थोडं उतरणारच, असं प्रिंटवाल्या दादाने मला समजावलं. समजावताना तो दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका कापत होता.

खरा घोळ पानांचा. मोठ्या कागदाच्या एका घडीत चार पानं येतात. घड्या एकात एक घालायच्या असल्या तर एका बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम सारखी येते. ३२ पानांच्या एकाच गठ्ठ्याला ती ३३. १ शेजारी ३२, २ शेजारी ३१. मी हे पाठ केलं आणि आठ कागद दोन्ही बाजूंनी छापून घेतले. पण मला बांधायचे होते १६ पानांचे दोन फर्मे, म्हणजे दोन वेगळे गठ्ठे, आणि त्यांचं गणित निराळं. पहिल्याची बेरीज १७, दुसऱ्याची ४९. चार-चार कागदांचे गठ्ठे दुमडून मी मोठ्या कौतुकाने पहिलं वाचन केलं. आठव्या पानावर मुंगूस घराच्या दारात आलं. उलटलं, तर थेट पंचविसावं. लगेच तोंड दाखवून झालं, गाव नाचलं, ‘समाप्त’ आलं, आणि मग नवव्या पानावर मुंगूस विचार करू लागलं की बाहेर जावं का.

आठही कागद एकातच घालून पाहिले. पण मी हौसेने २५० जीएसएमचा जाड कागद घेतला होता, पुस्तक वड्यासकट पावासारखं उघडंच राहिलं. सबमिशन दुसऱ्या दिवशी सकाळी. चित्रं दाखवत गोष्ट गाणाऱ्या, कोकणातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथींचा त्या रात्री मला मनापासून हेवा वाटला. त्यांच्या पोथीत चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली आणि पानं सुटी. एकेक पान उचलायचं, दाखवायचं, गायचं. शिवणीची भानगडच नाही.

गल्लीतल्या बाइंडरकाकांनी गठ्ठा बघितला. ‘घडीवर कापा, सुटी पानं करा, क्रमाने लावा आणि कडेने टोचून शिवा. जपानी लोक शिवतात तसं.’ मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. त्यानंतर ते म्हणाले, ‘पण अर्धा-पाऊण इंच शिवणीत जाईल हो दोन्हीकडून.’ हे वाक्य मी ऐकलं, पण ते आत उतरायला आठ तास लागले.

रात्री मैद्याची खळ शिजवली. झुरळं लागू नयेत म्हणून काकांनी पुडीत चिमूटभर मोरचूद दिला होता, तो घातला. मोरचूद विषारी असतो हे कळल्यावर आईने पातेलं, डाव आणि माझ्याकडे बघण्याची जुनी पद्धत, तिन्ही कायमचं बाजूला ठेवलं. पुठ्ठ्यावर खणाचं कापड चढवलं, दाभणाने भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं आणि पुस्तक रात्रभर गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. पहाटे काढलं तेव्हा ते इतकं पुस्तकासारखं दिसत होतं की मी फोटो काढला.

मग ३०-३१ उघडलं.

सर सांगत आले होते, ‘चेहरा लहान ठेव, भोवती मोकळी जागा सोड.’ मी ऐकलं होतं. सबंध जोडपानावर श्रीखंडी आकाश, आणि बरोब्बर मधोमध, चार सेंटीमीटरचं, महिनाभर घासलेलं, लाजरं, हसरं तोंड. ते पूर्ण शिवणीत. डाव्या पानाच्या आतल्या कडेला एक कान, उजव्या पानाच्या आतल्या कडेला दुसरा. बाकी खिंड.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पानं शांतपणे उलटली. रंग बघून ‘वा’ म्हणाल्या, हे मी आईच्या नावे लिहून ठेवलं आहे. ३०-३१वर त्या थांबल्या. पुस्तक टेबलावर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबलं. दोरा करकरला. त्या खाली वाकल्या, एक डोळा मिटला आणि खिंडीत डोकावून म्हणाल्या, ‘थांब, थांब, नाक दिसतंय.’

मार्क बरे पडले. संध्याकाळी आजीने पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून एकेक पान वाचलं. शेवटच्या जोडपानाशी आल्यावर तिने ते उजेडाकडे तिरकं केलं, बोटाने फट वाकवून आत पाहिलं, आणि मिटलं.

‘दाखवलं नाही मेल्याने शेवटपर्यंत तोंड,’ ती म्हणाली. ‘मुंगूसच आहे हो हे.’