शेक्सपिअरचा पलंग आणि घरोघरी फिरणारा एक खोटा मेसेज

‘शेक्सपिअरने मरताना बायकोला फक्त एक जुना पलंग ठेवला! वाचा पाच धक्कादायक सत्यं’ अशा मथळ्याचा मेसेज बरेच महिने फिरतोय. मी तो बघून सोडून देत होते. पण माझी भाची इंग्रजी साहित्यात एम.ए. करते, आणि तिने तो जसाच्या तसा सेमिनारच्या टिपणात उतरवला. माझ्या बहिणीने ते टिपण कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात सांगते. एक, शेक्सपिअरने बायकोला जुना पलंग देऊन तिचा जाहीर अपमान केला, तोही मागाहून घातलेल्या ओळीत, म्हणजे तिची आठवणच नव्हती. दोन, त्या काळी इंग्लंडमध्ये बायकांना मालमत्तेतलं काहीच मिळत नसे. तीन, मृत्युपत्रं फक्त सरदार-जमीनदार करत, साध्या माणसाकडे मागे ठेवण्यासारखं काही नव्हतंच. चार, नकोशा मुलाच्या हातावर एक शिलिंग टेकवून त्याला बेदखल करत. पाच, सह्यांच्या जागी नुसत्या फुल्या आहेत, म्हणजे सगळा देश अडाणी. आणि शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष: ‘तिकडे कुटुंब नावाची गोष्टच नव्हती, म्हणून त्यांना मृत्युपत्रं लागली. घर फोडणारा हा कागद आपल्याला कशाला?’

आधी पलंग, कारण बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

मृत्युपत्रावर तारीख आहे २५ मार्च १६१६. पुढच्या महिन्यात, २३ एप्रिलला, शेक्सपिअर वारला. एकूण तीन पानं आहेत आणि तिन्ही पानांवर त्याची सही आहे. तिसऱ्या पानावर दोन ओळींच्या मध्ये, मागाहून घातलेल्या एका ओळीत म्हटलंय की माझ्या बायकोला माझा दोन नंबरचा चांगला पलंग, त्याच्या गाद्या-पडद्यांच्या साजासकट. ‘जुना’ असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही. ते आलं अठराव्या शतकात, एडमंड मलोन या शेक्सपिअरच्या संपादकाकडून. शेक्सपिअरने बायकोला एक शिलिंगही नाही तर जुना पलंग देऊन वाटेला लावलं, असा शेरा त्याने मारला. म्हणजे मेसेजमधलं पहिलं ‘सत्य’ हे शेक्सपिअर गेल्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी एका संपादकाने काढलेलं अनुमान आहे.

पलंग म्हणजे काय होतं तेही बघा. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ साली इंग्लंडचं वर्णन छापलं. त्यात तो गावातल्या म्हाताऱ्यांचं सांगणं नोंदवतो: आमच्या हयातीत तीन गोष्टी पार पालटल्या. घरोघर धुराडी आली, लाकडी ताटल्यांच्या जागी प्यूटरची, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची, भांडी आली आणि झोपायची सोय सुधारली. हे म्हातारे तरुण असताना पेंढ्यावर निजत आणि डोक्याखाली लाकडाचा ओंडका घेत. उशी ही बाळंतिणीची गोष्ट समजली जाई. लग्नानंतर सात वर्षांत एखाद्याने साधी गादी आणि कोंडा भरलेली उशी जमवली तर तो स्वतःला गावच्या मालकाइतका सुखी मानत असे. शेक्सपिअरच्या जन्माच्या काही दशकं आधीची ही हकिगत आहे. अशा समाजात पिसांची गादी, लोड, पांघरुणं, पडदे असा सगळा सरंजाम असलेला पलंग ही घरातल्या सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक असायची. त्या काळातल्या शेकडो मृत्युपत्रांत पलंग आणि गाद्या नावानिशी वाटून दिलेल्या सापडतात.

आणि ‘दोन नंबरचा’ म्हणजे टाकाऊ, हे कुणी ठरवलं? घरातल्या वस्तू ओळखू याव्यात म्हणून त्या अशाच लिहीत: सर्वांत चांगलं पातेलं या मुलीला, त्याखालचं त्या मुलीला, चांगला झगा बहिणीला, रोजचा मोलकरणीला. ही प्रतवारी कायद्यातही मुरलेली होती. कूळ मेलं की त्याचं सर्वांत चांगलं जनावर जमिनीच्या मालकाकडे जाई आणि मध्ययुगात त्याच्या खालोखालचं चर्चकडे. चर्चला दुसरं जनावर मिळतं म्हणून चर्चचा अपमान झाला असं कुणी म्हणत नव्हतं.

मागाहून घातलेली ओळ म्हणजे बायकोची आठवणच नव्हती, असं मेसेज म्हणतो. मग त्याच मृत्युपत्रातली दुसरी मागाहून घातलेली ओळ वाचा. जॉन हेमिंग्ज, रिचर्ड बर्बेज आणि हेन्री कॉन्डेल या नाटकमंडळीतल्या तिघा सोबत्यांना अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स. यांतल्याच हेमिंग्ज आणि कॉन्डेलने १६२३ साली त्याची नाटकं एकत्र छापली. ती छापली नसती तर निम्मी नाटकं आज आपल्या हाती नसती. त्यांचाही शेक्सपिअरला तिटकारा होता काय?

एक गोष्ट मात्र मान्य करते. पलंगाच्या वादात शेक्सपिअरच्या बाजूने बोलणारे पटकन सांगतात की विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचं उत्पन्न कायद्याने हयातभर मिळायचंच, म्हणून ते लिहायची गरज नव्हती. हे साधारणपणे खरं आहे. पण १६१३ साली लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात घेतलेलं घर त्याने इतर तिघांची नावं घालून अशा रीतीने घेतलं होतं की त्यावर बायकोचा हा हक्क लागू नये. मृत्युपत्रात बायकोचं नावही नाही, नुसतं ‘माझी बायको’ एवढंच. शिवाय अंमलबजावणीचं काम त्याने थोरली मुलगी सुझाना आणि जावई जॉन हॉल यांच्यावर सोपवलं. त्या काळचे बहुतेक विवाहित पुरुष हे काम बायकोला देत. तिचं वय तेव्हा साठीच्या आसपास होतं, कदाचित म्हणून असेल. तेव्हा त्यांचा संसार गोडीगुलाबीचा होता असा दावा मी करत नाही. एका पलंगावरून तो कडू होता हेही ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ‘बायकांना काहीच मिळत नसे’. सगळ्यांत जास्त नुकसान हे वाक्य करतं, कारण ते वाचून आपल्याला वाटतं की मुलींचा हक्क ही कालपरवाची कल्पना आहे. यात अर्धं खरं आहे ते आधी सांगते. लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करता येत नसे, आणि १५४२ च्या कायद्याने तर विवाहितेला जमीन मृत्युपत्राने द्यायलाच मनाई होती. हे वाईटच होतं. पण विधवा आणि अविवाहित स्त्रियांवर ही बंदी नव्हती. त्या काळातल्या मृत्युपत्रांपैकी साधारण पाचातलं एक स्त्रीचं आहे, आणि त्यांतल्या बहुतेक विधवा.

या विषयावर एकच गोष्ट वाचायची असेल तर एमी लुईस एरिक्सन यांचं १९९३ चं संशोधन वाचा. त्यांनी नुसते कायदे वाचले नाहीत, साध्या घरांची मृत्युपत्रं, मालाच्या याद्या आणि वारसांनी सादर केलेले हिशेब तपासले. त्यांना काय दिसलं? जमीन बहुधा मुलांकडे जाई आणि मुलींना पैसा, जनावरं, भांडीकुंडी, कापडचोपड मिळे. पण किमतीच्या दृष्टीने साध्या घरांतले बाप मुलींना मुलांच्या तोडीचा वाटा देत. थोरल्या मुलालाच सगळं, ही बड्या घराण्यांची तऱ्हा होती. मेसेज लिहिणाऱ्याने बड्यांचा कायदा उचलला आणि तो सगळ्या देशाला चिकटवला.

त्याचं उत्तर खुद्द शेक्सपिअरच्या कागदात आहे आणि नेमकं तेच पान कुणी फॉरवर्ड करत नाही. धाकटी मुलगी ज्युडिथ हिचं लग्न १० फेब्रुवारी १६१६ ला टॉमस क्विनीशी झालं. क्विनीचे दुसऱ्या एका बाईशी संबंध होते. ती बाई मूल होताना बाळासह दगावली होती, आणि मृत्युपत्रावरच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी या प्रकरणी क्विनी चर्चच्या न्यायालयापुढे उभा होता. मृत्युपत्रात जिथे ‘जावई’ असं लिहायला घेतलं होतं ते खोडून ‘मुलगी ज्युडिथ’ असं केलेलं आज डोळ्यांनी दिसतं. तिला १०० पौंड, तिने एका घरावरचा हक्क सोडून दिला तर आणखी ५०, आणि तीन वर्षांनी ती किंवा तिचं मूल जिवंत असेल तर आणखी १५०. शेवटच्या रकमेला मात्र अट आहे: नवऱ्याने तेवढ्या किमतीची जमीन तिच्या आणि मुलांच्या नावे केल्याशिवाय मुद्दल त्याच्या हाती पडणार नाही. जावयावर विश्वास उरला नाही तेव्हा बापाने मुलीचे पैसे कायद्याच्या कुलपात ठेवले. हे वाचून कुणी म्हणतं की तिकडे मुलींना काही नव्हतं, तेव्हा खरंच राग येतो.

तिसरा मुद्दा, गरिबांची मृत्युपत्रं नव्हतीच. अगदी कंगाल माणसाने मृत्युपत्र केल्याचं क्वचित सापडतं, हे खरं. पण शेतकरी, विणकर, लोहार, खाटीक, खलाशी, मोलकरणी यांची ढिगाने सापडतात. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एकट्या कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह न्यायालयाची (मृत्युपत्रं नोंदणारं चर्चचं वरिष्ठ न्यायालय) १३८४ ते १८५८ या काळातली दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं आहेत, आणि हे तर तुलनेने सधन माणसांचं न्यायालय. लहान माणसांची त्याखालच्या स्थानिक चर्च न्यायालयांत नोंदली जात. लिहिता येत नसेल किंवा वेळ उरला नसेल तर मरणारा माणूस साक्षीदारांसमोर नुसतं बोलून जाई आणि ते नंतर कागदावर उतरवत. १६७७ च्या कायद्याने त्यावर कडक अटी घातल्या.

त्यांत काय असतं? एक मेंढी आणि तिचं कोकरू धर्मपुत्राला. मधमाश्यांच्या पेट्या. चादरींची जोडी. हातमाग मुलाला, म्हणजे त्याचा धंदा चालू राहील. खिडक्यांच्या काचासुद्धा, कारण काच इतकी महाग होती की सोळाव्या शतकात ती घराचा भाग आहे की उचलून न्यायची वस्तू, याबद्दल वाद होत. १५२९ च्या कायद्यानुसार मृताच्या जंगम मालाची यादी करावी लागे. शेजारपाजारचे दोन-चार जण खोली-खोलीतून फिरून पातेली, बाकडी, पोती, शेतातलं उभं पीक असं सगळं किमतीसह लिहीत. माणूस कुठे झोपत होता, कशात शिजवत होता, कुणाचं देणं लागत होता, हे राजांच्या बखरींतून कळत नाही, या याद्यांतून कळतं. मला हा सगळा कागदपसारा म्हणूनच इतका मोलाचा वाटतो.

शिलिंगाचं लवकर आटपते. एक शिलिंग मिळालेला मुलगा बऱ्याचदा लग्नाच्या किंवा धंद्याच्या वेळी आपला वाटा आधीच घेऊन गेलेला असे. शिलिंग लिहायचं ते ‘याला विसरलो नाही’ हे कागदावर दिसावं म्हणून, नाहीतर तो पुढे न्यायालयात उभा राहून म्हणायचा की बाप भ्रमात होता. खरोखर रागाने दिलेली शिलिंगं नव्हतीच असं नाही, पण ती शोधायला बाकीचे कागद वाचावे लागतात.

फुल्यांचंही तसंच. १६४२ च्या आसपास ग्रामीण इंग्लंडमधले सुमारे ७० टक्के पुरुष सही करू शकत नव्हते, हे इतिहासकार मान्य करतात. पण तिथे मुलांना आधी वाचायला शिकवत आणि लिहायला नंतर. त्यामुळे फुली मारणारा वाचू शकतच नव्हता असं म्हणता येत नाही. शिवाय मृत्युपत्र बहुधा मरणाच्या अंथरुणावर होई, तेव्हा कापऱ्या हाताची फुली अक्षरओळख असलेल्या माणसाचीही असू शकते.

राहिला तो निष्कर्ष: कुटुंब नव्हतं म्हणून मृत्युपत्र. हा तर उलटा कारभार आहे. ही मृत्युपत्रं उघडा, पानोपानी कुटुंबच भेटतं. धाकट्या मुलांचे वाटे ती २१ वर्षांची होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत कुणी सांभाळायचे. एक भावंड मेलं तर त्याचा वाटा उरलेल्यांत कसा फिरवायचा. आणि विधवेसाठी किती बारीक तपशील: मुलाच्या घरात अमुक खोली तिची, चुलीपाशी बसायचा हक्क तिचा, विहिरीकडे आणि बागेकडे जायची वाट तिला मोकळी, वर्षाला इतकं धान्य, इतकं सरपण. सुनेशी पटलं नाही तर त्याऐवजी किती पैसे द्यायचे तेही काही ठिकाणी लिहिलंय. भांडणं झाली नाहीत असं नाही. चर्चच्या न्यायालयांत मृत्युपत्रांवरून खटले चालत आणि साक्षीदारांच्या जबान्या वाचल्या तर घरातलं सगळं उणंदुणं बाहेर येतं. पण त्यांतले पुष्कळ खटले कागद नीट केला नव्हता म्हणून उभे राहिले: तोंडी बोललेलं कुणी वेगळं ऐकलं, लिहिणारा उशिरा पोचला, साक्षीदार कमी पडले.