आई, हलू नकोस!

मुलीने शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी चित्रकला आणि छायाचित्रण घेतलं, तेव्हा नातेवाइकांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, पोरगी वाया गेली. दुसरा म्हणाला, बरं झालं, पाठांतर नाही, सोपं आहे. दोन्ही तटांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे, आमच्याकडे आठवडाभर राहायला या. फक्त जेवायला मांडीवर ताट घ्यायची तयारी ठेवा, कारण जेवणाचं टेबल आता आमचं राहिलेलं नाही.

टेबलावर वस्तुचित्र मांडलंय. एक काचेची हिरवी बाटली, दोन सफरचंदं आणि एक चुरगळलेली पांढरी चादर. चादर चुरगळलेली दिसत असली तरी ती फार विचारपूर्वक चुरगळलेली आहे. एकेक चुणी जागच्या जागी. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याने आपणहून चादरीची घडी कधी घातली नव्हती. घातली ती नेमकी हीच. त्यानंतर घरात जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही.

उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो आणि तो सकाळी थोडाच वेळ मुलीला हवा तसा असतो. मग सावली बाटलीला वळसा घालून पुढे सरकते आणि त्या दिवसाचं काम संपतं. सूर्याला कोणी ‘हलू नकोस’ म्हणू शकत नाही. दरम्यान डाव्या बाजूचं सफरचंद माझ्या डोळ्यांदेखत म्हातारं झालं. नवीन ठेवू का विचारलं तर कन्या म्हणाली, ‘नको, आत्ता कुठे त्याला कॅरेक्टर आलंय.’ शिवाय सेझान हा फ्रेंच चित्रकार म्हणे इतका सावकाश रंगवायचा की खरी फुलं चित्र पुरं व्हायच्या आत कोमेजायची, म्हणून तो कागदाची फुलं वापरायचा. कामाला उशीर झाला की घरात सेझानचं नाव निघतं. माझ्या कामाला उशीर झाला की कोणाचंच निघत नाही.

चारकोलबद्दल, म्हणजे चित्र काढायच्या कोळशाबद्दल, एवढंच सांगते की आमच्या घरातलं प्रत्येक बटण, कडी आणि फ्रीजचं दार आता बोटांच्या ठशांसाठी पोलिसांना तयार मिळेल.

तरी चित्रकला परवडली. सफरचंद जागेवर बसतं, तक्रार करत नाही. छायाचित्रणाला माणूस लागतो, आणि घरात हाताशी असलेला माणूस म्हणजे मी.

पहिले काही आठवडे अ‍ॅपर्चरचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगातल्या भोकाचे गेले. भिंगातून किती उजेड आत सोडायचा ते त्या भोकावर ठरतं. पण आकडा लहान तर भोक मोठं आणि आकडा मोठा तर भोक लहान! असा उफराटा हिशेब कुणी लावला म्हणून मी विचारलं, तर तिने पेन्सिलीनेच मांडून दाखवलं. भिंगाच्या नाभीय अंतराला भोकाच्या व्यासाने भागलं की तो आकडा येतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचं भोक एफ २ ला २५ मिलिमीटर असतं आणि एफ १६ ला जेमतेम ३. मला पटलं. पटल्याची किंमत म्हणून मला खुर्चीत बसवण्यात आलं. एफ १.८ वर जवळून काढलेल्या त्या फोटोत माझ्या नाकाच्या शेंड्यावरचं एकेक छिद्र मोजून घ्यावं, आणि डोळ्यांपासून मागे मात्र सगळं धुकं. ‘डेप्थ ऑफ फील्ड बघ काय सुंदर आलीय,’ ती म्हणाली, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट दिसतो ते. मी बघितली. नाक बघायचं टाळून जेवढी बघता येईल तेवढी.

सुरुवातीच्या काळात फोटो उमटायला इतका वेळ लागायचा, की मान हलू नये म्हणून स्टुडिओत माणसाच्या मागे लोखंडी चिमट्याचा स्टँड उभा करत. हे तिने मला नुसती माहिती म्हणून सांगितलं. सांगताना ती माझ्या मानेकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला आवडली नाही.

मग पिनहोल कॅमेरा आला. पत्र्याचा डबा, आतून काळा, एका बाजूला सुईचं भोक, समोर आत चिकटवलेला फोटोचा कागद. भिंग नाही, बटण नाही. मी भर उन्हात डोळे न मिटता बसायचं आणि तिने भोकावरची पट्टी काढून आकडे मोजायचे. इतक्या बारीक भोकातून उजेड थेंबाथेंबाने येतो, त्यामुळे आकडे संपत नाहीत. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. माशीला मात्र पूर्ण मुभा होती.

पुढचं काम न्हाणीघरात. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला, वर लाल दिवा. या कागदाला निळा उजेड बाधतो, लाल बाधत नाही. तीन ट्रे मांडलेले, डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर. मधल्या ट्रेचा आंबूस व्हिनेगरसारखा वास नाकात शिरतो. बाहेरून नवरा विचारतोय, ‘अजून किती वेळ?’ आणि आतून दोघी एका सुरात ओरडतोय, ‘दार उघडू नकोस!’ तिने कोरा कागद पहिल्या ट्रेत सरकवला आणि ट्रेचा एक कोपरा हळूच वरखाली करायला लागली. थोडा वेळ काहीच नाही. मग कागदाच्या मध्यावर एक करडा डाग पडला, त्याला कडा आल्या, खुर्चीचे पाय आले, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. नंतर माझा चेहराही आला. तो कोळशासारखा काळा होता आणि केस पांढरेशुभ्र. ‘निगेटिव्ह आहे गं,’ ती म्हणाली. ‘उलटं होईल.’ केसांचं उलटं व्हायला मला पार्लरमध्ये पैसे मोजावे लागतात.

आत्मचित्राच्या वेळी निदान माझी सुटका होईल असं वाटलं होतं. पण तिला इपोलित बायार नावाचा एक जुना फ्रेंच छायाचित्रकार सापडला. फोटोग्राफीच्या शोधाचं श्रेय १८३९ मध्ये दागेर या दुसऱ्या फ्रेंच माणसाला मिळालं आणि आपण मागे पडलो, म्हणून या गृहस्थाने १८४० मध्ये बुडून मेल्याचं सोंग घेऊन स्वतःचाच फोटो काढला आणि मागे लिहिलं की सरकारने माझ्यासाठी काही केलं नाही. रुसून बसण्याचा इतका नीटस प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही. तर नवरा संध्याकाळी कुलूप उघडून आत येतो आणि बघतो, पोरगी भिंतीला टेकलेली, चादर कमरेला, डोळे मिटलेले, मान कललेली. तो किंचाळला. प्रेताने डोळे न उघडता सांगितलं, ‘बाबा, फ्रेममधून बाजूला हो.’

या सगळ्यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे प्रक्रियेची वही. परीक्षकांना नुसतं चित्र नको असतं, तिथवर कशी पोचलीस ते हवं असतं. पहिली कच्ची रेखाटनं, फसलेले प्रयोग, बदललेले विचार. कन्येचं चित्र आधीच झालेलं. मग ती रात्री बसून आधी आलेले विचार नंतर काढायला लागली. फसलेला प्रयोग मुद्दाम फसवणं किती कठीण असतं! एक पान तर तिने चुरगळून परत सपाट केलं, घालमेल दिसावी म्हणून. घालमेल खरी होतीच, ती वही दुसऱ्या दिवशी द्यायची होती म्हणून.

शेवटी प्रदर्शन झालं. माझे फोटो रांगेने लावलेले. मधोमध जो होता त्यात शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलेलं होतं आणि मधेच दाराची बेल वाजल्यामुळे मी उठून गेले होते. खुर्ची स्पष्ट, आणि तिच्यावर माझी आरपार दिसणारी छाया. दागेरने १८३८ मध्ये काढलेल्या पॅरिसच्या रस्त्याच्या फोटोत असंच झालं होतं म्हणे. चालती माणसं, घोडागाड्या उमटल्याच नाहीत, बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. इथे फोटोखाली नाव होतं, ‘अनुपस्थिती’. त्याखाली दोन ओळी, सतत घरात असूनही न दिसणाऱ्या स्त्रीच्या शोधाबद्दल. परीक्षक बाई बराच वेळ त्यापुढे उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या आणि माझा हात हातात घेऊन काहीच बोलल्या नाहीत. बेल कुरियरवाल्याची होती हे सांगायला मी तोंड उघडलं, पण मुलीने पाय दाबला.

गुण चांगले मिळाले. आता पुढचा प्रकल्प स्टॉप मोशनचा, म्हणजे एकेक फोटो जोडून हलतं चित्र करण्याचा आहे. एका सेकंदाला १२ फोटो, एका मिनिटाला ७२०.

‘यात तुला हलायचंय, आई,’ ती माझी समजूत घालत म्हणाली. ‘फक्त दर वेळी बोटभर.’