फिटची गोळी, उंदराचं यकृत आणि गावोगावचे फॉरवर्ड

"फिटच्या गोळीने लिव्हरचा कॅन्सर होतो" हा मेसेज सध्या आमच्या यावल-रावेर भागातल्या ग्रुपांवर फिरतोय, आणि त्याची भीती थेट माझ्या मेडिकलच्या काउंटरवर येऊन उभी राहते. परवा एक काका केळीच्या बागेतून तसेच आले. सदऱ्यावर चिकाचे काळे डाग, हातात मुलीची गार्डिनलची अर्धी पट्टी. "भाऊ, हाई गोई बंद करी टाकू का?"

नाही काका, अजिबात नाही. गार्डिनल म्हणजे फिनोबार्बिटोन, ते एकदम सोडलं तर फिटवर फिट येऊन जिवावर बेततं.

मेसेज धडधडीत खोटा असता तर सोपं होतं. 1971 साली पेरैनो आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांना आधी थोडे दिवस कॅन्सर करणारं रसायन दिलं, मग बराच काळ हेच औषध. नुसतं रसायन दिलेल्या उंदरांपेक्षा यांच्या यकृतात गाठी जास्त झाल्या. आधीच बिघडलेल्या पेशींना औषधाने खत घातलं म्हणा. पण उंदराच्या यकृतपेशी ज्या रिसेप्टरमुळे (औषधाचा इशारा पकडणाऱ्या पेशीतल्या प्रथिनामुळे) अशा वाढतात, तो माणसातही असून आपल्या पेशी तशा वाढत नाहीत. डेन्मार्कमध्ये फिटच्या रुग्णांत यकृताचे कॅन्सर जास्त दिसले, तेव्हा बोट गेलं थोरोट्रास्टकडे. पूर्वी मेंदूच्या तपासणीसाठी टोचायचे ते किरणोत्सारी द्रव्य.

"झोपेची गोळी कॅन्सर मारते" हा उलटा मेसेजही तितकाच वाईट. फिनोबार्बिटोनच्याच कुळातली झोपेची गोळी अमोबार्बिटल पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचं, काम अडवते हे खरं, पण ती निरोगी पेशीचंही अडवते. 2003 च्या एका प्रयोगात तर याच कुळातलं भुलीचं थायोपेंटल दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसात कॅन्सर जास्त पसरला.

मला खरी काळजी वेगळीच आहे, आणि तिच्यावर कुणी मेसेज करत नाही. फिनोबार्बिटोन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवतं. मग इमॅटिनिब, इरिनोटेकानसारखी कॅन्सरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात, डोस कमी पडतो. डॉक्टरांना माहीत असेल तर ते डोस बघतात, नाहीतर फिटचं औषध हळूहळू बदलतात. पण आपल्याकडे मिरगी लपवतात! पोरीचं लग्न अडेल म्हणून जवळच्या सोयऱ्यालाही सांगत नाहीत, मग दवाखान्यात अनोळखी डॉक्टरपुढे कोण तोंड उघडणार? मुंबईला टाटाला जाणाऱ्यांच्या फायलीत सोनोग्राफीपासून जुन्या एक्स-रेपर्यंत सगळं असतं, फिटची चिठ्ठी तेवढी घरच्या कपाटात. कृपा करून ती फायलीत सगळ्यात वर लावा, आणि गोळीची पट्टी सोबत न्या.