कमेंट मोजू नका, वाचा

उद्योजिकांच्या फेसबुक ग्रुपांवर एक पोस्ट नेहमी दिसते : 'घरगुती थालीपीठ भाजणी सुरू करतेय, अर्धा किलो १५० रुपये, कोण कोण घेईल?' खाली 'मी', 'नक्की', 'इंटरेस्टेड', बदामाच्या इमोजींची रांग. या भरवशावर चाळीस किलो धान्य भाजून दळून आणलं, की बराच माल घरात पडून राहतो. बाजरी असलेलं पीठ फार टिकतही नाही. घरखर्चातून काढलेले पैसे असे अडकतात, म्हणून कळकळीने लिहितोय.

'घेईन' म्हणायला काही मोजावं लागत नाही. शिवाय उत्तर देणारी मंडळी म्हणजे आपलं गिऱ्हाईक नव्हे. १९३६ मध्ये अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' मासिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधून, म्हणजे सुखवस्तू लोकांचीच, घेतली होती, आणि उत्तर पाठवण्याची हौस असलेल्यांनीच ते पाठवलं होतं. फेसबुक पोलमध्ये हे दोन्ही दोष असतात.

मग सोशल मीडिया सोडून द्यायचा का? मुळीच नाही. 'किती जण घेतील' याचं उत्तर तिथे मिळत नाही, पण काय खटकतं, कधी खटकतं आणि लोक ते कोणत्या शब्दांत सांगतात, हे तिथल्याइतकं स्वस्तात कुठेच कळत नाही.

आधी एका ओळीत प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, 'विकतची भाजणी एकदा घेऊन लोक पुन्हा का घेत नाहीत?' मग थालीपिठाच्या यूट्यूब व्हिडिओंखालच्या कमेंट्स, पाककृतींचे ग्रुप आणि ॲमेझॉनवरचे दोन-तीन स्टारचे रिव्ह्यू उघडा. पाच स्टारवाले 'मस्त' लिहून जातात आणि एक स्टारवाले बहुतेक पार्सलवर चिडलेले असतात. दोन-तीन स्टारवाला माणूस वस्तू वापरून बोलतो. क्रमवारी 'नवीन आधी' अशी ठेवा, नाहीतर ॲपला आवडलेल्याच कमेंट्स दिसत राहतील. शोधताना भाजणी, भाजणीचं पीठ, bhajani, bhajni, थालीपीठ, थालिपीठ, thalipith, thalipeeth हे सगळं टाकून बघा. मराठी माणूस रोमनमध्ये कसंही लिहितो.

दोनेकशे कमेंट्स एक्सेलमध्ये उतरवा : तारीख, जागा, मूळ वाक्य जसंच्या तसं, बोलणारा ग्राहक की विक्रेता, तक्रार कशाची. पहिल्या पन्नास दोघांनी वेगवेगळ्या वाचून वर्गवारी करा आणि मग ताडून बघा. जिथे मतं जुळत नाहीत तिथे वर्गाची व्याख्याच ढिली असते. शेवटच्या पन्नासात नवीन काही येईनासं झालं, की थांबा.

खरं काम इथून सुरू होतं. 'थालीपीठ उलटताना मोडतं' या तक्रारीमागे दळण जाड असेल, पाणी कमी पडलं असेल किंवा पाकिटावर कृतीच छापलेली नसेल. 'कडवट लागते' म्हणजे मेथी-धणे जास्त भाजले गेले, की बाजरीचं पीठ जुनं झालं? म्हणून त्याच धाग्यात विचारा : पाकीट कधीचं होतं, घरी किती दिवस ठेवलं? पहिल्या तक्रारीवर पाण्याच्या मापाची एक ओळ छापून भागेल, दुसरीसाठी पाकीटच लहान करावं लागेल. बदाम मोजून हे कळलं नसतं.

भावना मोजणाऱ्या आयत्या सॉफ्टवेअरवर मराठीत विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. 'खतरनाक चव', 'नाद खुळा', 'विषय हार्ड' ही दाद आहे, आणि 'वा, काय सुंदर खवट वास' ही शिवी. दोनशे कमेंट्स माणसाने वाचाव्यात, एका दुपारचं काम आहे.

एखादा शब्द कधी किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचा आकडाही जपून वापरा. तिथले १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत, निवडलेल्या काळातलं सर्वोच्च प्रमाण. कोणत्या महिन्यात विचारणा वाढते एवढ्यापुरतं ते ठीक. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लेबल लावावं, असा जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासूनचा दंडक आहे. अशा पोस्ट बाजूला काढा, पण त्यांच्याखालच्या कमेंट्स जरूर वाचा.

बंद ग्रुप असेल तर ॲडमिनला विचारा, तक्त्यात नावं ठेवू नका आणि कुणाची कमेंट न विचारता जाहिरातीत वापरू नका. बायका तिथे एकमेकींशी बोलायला येतात, आपला माल विकत घ्यायला नव्हे.

किंमत आणि मालाचं प्रमाण मात्र पैशानेच ठरवा. 'घ्याल का?' ऐवजी 'मागच्या वेळी कुठून, किती ग्रॅम, कितीला घेतली?' असं विचारा. मग पाच किलोची पहिली खेप जाहीर करा, रविवारपर्यंत यूपीआयने पैसे येतील तेवढीच दळा आणि महिन्याभराने त्यातल्या किती जणींनी न विचारता पुन्हा मागवली ते बघा.