सातबारा उघडा आहे, म्हणून फवारणीची वहीही उघडायची?

शहापूर तालुक्यात शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय: सातबारा आधीच ऑनलाइन आहे, मग शेतकऱ्याकडे लपवण्यासारखं काय उरलं? शेतीसल्ल्याचे ॲपवाले शेतकऱ्याचं नाव वगळूनच त्याची माहिती वापरतात. वर 2023 चा डेटा संरक्षण कायदा पाठीशी आहे. बिनधास्त परवानगी द्या, सल्ला मिळेल, कर्जही लवकर मिळेल. मी भातानंतर निर्यातीची भेंडी लावते आणि आमच्या शेतकरी गटाचे हिशोब ठेवते. गटातल्याच तिघांनी मला हा संदेश पाठवला, म्हणून उत्तर देतेय.

सातबारा उघडा आहे, हे खरंच आहे. नाव, क्षेत्र, पीक, बँकेचा बोजा, सगळं त्यावर दिसतं. पण बोजा दिसणं वेगळं आणि यंदाचा हप्ता थकलाय हे कळणं वेगळं. ॲपमध्ये आपण भरतो ते सातबाऱ्यावर कुठेच नसतं: खत उधारीवर किती घेतलं, कोणतं औषध कधी फवारलं, माल किती निघाला.

भेंडीचंच बघा. तोडा दिवसाआड करावाच लागतो, नाहीतर भेंडी जून होते आणि निर्यातीतून बाद होते. फवारणीनंतर मात्र ठरलेले दिवस गेल्याशिवाय तोडता येत नाही. तालुक्यातल्या सगळ्या प्लॉटच्या फवारणीच्या तारखा ज्या खरेदीदारापुढे असतील, त्याला कोणत्या दिवशी किती माल एकदम निघणार आणि कोणाला थांबणं परवडणार नाही, हे आपल्याआधी कळेल. मग त्या दिवशीचा भाव कोण पाडेल, हे वाशीच्या बाजारात माल नेणाऱ्याला सांगायला नको.

जमिनीचंही तसंच. 2025 मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुरू झाला आणि तो आमच्या तालुक्यातूनच जातो. कोणाचं पीक गेलं, कोणाची उधारी वाढली, याची यादी जमिनीच्या दलालाच्या हाती पडली तर तो नेमका कोणाच्या दारात उभा राहील?

नाव काढलं की झालं, हा मुद्दा तर संदेशाच्या पहिल्याच वाक्याने पडतो. शेताची हद्द माहितीत ठेवली, तर नकाशावरून जमिनीचा गट क्रमांक मिळतो, गट क्रमांकावरून सातबारा, आणि सातबाऱ्यावर नाव. पाच मिनिटांचं काम.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. कायद्याने जी माहिती जाहीर करावीच लागते, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. गावाच्या एकूण उत्पादनाचे आकडे कोणा एका व्यक्तीचे नसतात, म्हणून तेही बाहेर. दंड 250 कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद यात नाही. संमती मागे घेता येते, मात्र तोवर झालेला वापर वैधच राहतो. एक गोष्ट खरोखर उपयोगाची आहे: संमतीची सूचना मराठीत मागण्याची सोय या कायद्यात आहे. ती मागा.

राहिला फायदा. तो मी नाकारत नाही. निर्यातीसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या हॉर्टीनेट या ऑनलाइन नोंदणीवर प्लॉटची नोंद आम्ही स्वतःहून करतो, कारण ती कशासाठी आहे हे माहीत असतं. शेतकरी ओळख क्रमांक तर योजनांसाठी काढावाच लागतो. पण एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची तर पुन्हा विचारायला नको का? युरोपात 2018 मध्ये शेतकरी संघटना आणि यंत्र, खत, बियाण्याच्या उद्योगांनी मिळून शेती-माहितीची आचारसंहिता तयार केली. ती ऐच्छिक आहे, तरी माहिती कोणाला आणि कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याकडे राहावा, हे तिने मान्य केलंय.

आमच्या गटाकडेही एका कंपनीचा करार आलाय. त्यात ‘सहयोगी संस्थांना माहिती देता येईल’ असं एक वाक्य आहे. आम्ही ते खोडलं आणि चार गोष्टी लिहून मागितल्या: त्या संस्थांची नावं, वापराचं कारण, माहिती किती दिवस ठेवणार, आणि गट बाहेर पडला तर आमच्या नोंदी आम्हाला परत देऊन त्यांच्याकडच्या कधी पुसणार. उत्तर येईपर्यंत सही करायची नाही, असं गटाच्या बैठकीत ठरलंय. संदेश पाठवणारे तिघेही त्या बैठकीला होते.