खांदेरी फेरीच्या पेट्रोलबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरच्या किल्ल्याला आमच्या बोटीने जाऊन आल्यावर, दोन तारे देऊन तुम्ही जे लिहिलंत ते पूर्ण वाचलं. तुमच्या तक्रारी तीन. आठ माणसांसाठी दोन इंजिनं लावून आम्ही पेट्रोलचं बिल फुगवतो. ‘हळू घ्या’ म्हणूनही सारंगाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, वेग वाढवला. आणि जाताना लागलं त्याच्या दीडपट पेट्रोल येताना लागलं. हेच प्रश्न बुकिंगच्या वेळी बरेच जण विचारतात, म्हणून उत्तर इथे सगळ्यांसमोर देतो.

आधी वेगाचं. गेटवेच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर तुम्ही 12 नॉटवर, म्हणजे ताशी 12 सागरी मैलांनी, चला म्हणालात (एक सागरी मैल म्हणजे साधारण 1.85 किलोमीटर). गाडीच्या हिशोबाने ते बरोबर वाटतं, पण बोटीचं गणित वेगळं आहे. आमची बोट 27 फुटी, मागे बाहेरच्या बाजूला लावलेली प्रत्येकी 150 हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं. 6 नॉटला दोन्ही मिळून तासाला साधारण 10 लिटर लागतात, म्हणजे सागरी मैलाला दीड-पावणेदोन लिटर. 12 नॉटला हाच आकडा मैलाला 3 लिटरवर जातो. त्या वेगात बोटीचं नाक वर उठतं, मागची बाजू पाण्यात बसते आणि बोट स्वतःच्याच लाटेवर चढत राहते, भरलेली हातगाडी चढावर ढकलावी तशी. 17-18 नॉटच्या पुढे ती पाण्यावर उचलली जाते, नाक खाली येतं, घर्षण कमी होतं. 24 नॉटला तासाला 54 लिटर जातात खरे, पण मैलाला सव्वादोनच पडतात. पूर्ण थ्रॉटल दिला तर पुन्हा 3 च्या घरात. म्हणून सारंगाने बोट 12 वर न रेंगाळवता 24 वर नेली. त्यात तुमचंच पेट्रोल वाचलं. स्टिअरिंगशेजारच्या स्क्रीनवर दोन्ही इंजिनांचे ताशी लिटर वेगवेगळे दिसतात आणि खाली मैलामागचा आकडा असतो. तो कोणीही उभं राहून बघावा, आमचा सारंग समजावून सांगतो.

आता परतीचं. खांदेरी गेटवेपासून साडेतेरा सागरी मैलांच्या आसपास. सकाळी पाणी सपाट होतं, 24 नॉटने पाऊण तासाच्या आत पोचलात, 30 लिटर लागले. तुम्ही वर वेताळाच्या दर्शनाला गेलात तेव्हा दोन्ही इंजिनं बंद होती. दुपारी वायव्येचा वारा सुटला, आणि परतीची वाट जवळजवळ सरळ उत्तरेला, म्हणजे लाटा डाव्या बाजूने तोंडावर. त्यात ओहोटी लागलेली, बंदरातलं पाणी समोरून बाहेर येत होतं. पुढच्या सीटवर तुमचे आई-वडील बसले होते. 24 नॉटने बोट आपटत नेली असती तर त्यांच्या कमरेचं काय झालं असतं? म्हणून सारंगाने वेग 18 वर आणला. ओहोटीच्या प्रवाहाचे दोन नॉट वजा केले की पुढे सरकायला उरले 16. लाटा कापताना इंजिनं तासाला जवळपास सकाळइतकंच, 54 लिटर, पीत होती, फक्त वेळ पन्नास मिनिटांवर गेला. 45 लिटर तिथून आले. पेट्रोल आम्ही पंपाच्या पावतीच्या दरानेच लावतो, त्यावर एक रुपया चढवत नाही. मुंबईत लिटरचा दर शंभरच्या वर असताना बिल डोळ्यात भरतं, हे मला कळतं.

राहिली दोन इंजिनं. तेवढ्याच ताकदीचं एकच मोठं इंजिन असलेली बोट थोडं कमी पेट्रोल खाते, हे खरं आहे. पाण्यात एकच पंखा आणि वजनही कमी. तरीही मी एका इंजिनावर माणसं खांदेरीला नेणार नाही. खांदेरीसमोरच्या किनाऱ्यावरच्या थळ गावापुढे डोल जाळ्यांचे (समुद्रात रोवून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) दोर असतात, ओहोटीबरोबर प्लास्टिक वाहत येतं, पंख्यात गुंतायला एक तुकडा पुरतो. वायव्येच्या वाऱ्यात बंद पडलेली बोट सरळ शेजारच्या उंदेरी बेटाच्या आणि थळच्या खडकांकडे ढकलली जाते. दुसरं इंजिन असलं की पंखा सोडवेपर्यंत बोट तोंड वाऱ्याकडे धरून उभी राहू शकते. कोणाच्या घरची माणसं बोटीत बसवल्यावर या बाबतीत मी तडजोड करत नाही.

‘मग एक बंद ठेवून चालवा’ असंही तुम्ही लिहिलंय. आठ माणसं घेऊन एका 150 वर ही बोट पाण्यावर उचलतच नाही. 9-10 नॉटला अडकते, इंजिनावर ताण येतो, आणि मैलामागचे लिटर उलट वाढतात.

पुढच्या वेळी सकाळी सातला निघा आणि वारा चढायच्या आत, बाराच्या सुमारास गेटवेला परत या. भरती-ओहोटीच्या वेळा बघून तारीख मी स्वतः सुचवीन. येतानाचं पेट्रोल जातानाच्या जवळपास राहील.